ड्रमकाराचा शेवटचा बॅरन

डेस्मंड गेल्याचं त्याच्या बायकोने, शालिनीने, मला फोनवर सांगितलं. मी दार ओढून घेऊन शेजारी त्यांच्या घरी पोचेपर्यंत बातमी मराठी मंडळाच्या ग्रुपवरही आली होती. ‘आपल्या सर्वांचे लाडके लॉर्डसाहेब यांचे दुःखद निधन.’ खाली जोडलेले हात, आणि त्याखाली कुणीतरी तत्परतेने शोधून काढलेला फोटो : डोक्याला केशरी फेटा, अंगावर शाल, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर दाढ काढून घ्यायला बसलेल्या माणसाचा भाव. शालिनी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नातेवाइकांना वाईट बातम्या देणारी नर्स ती, स्वतःच्या बातमीतही तिचा आवाज ड्यूटीवरचाच होता. “बस,” ती म्हणाली. “निनाद हॉस्पिटलमधून निघालाय. ग्रुपवर काय आलंय ते मला दाखवू नकोस.”

“फेट्यातला फोटो आहे,” मी म्हटलं.

“मग तर नकोच.” ती म्हणाली, “मेल्यावर तरी माणसाला उघड्या डोक्याने राहू द्यावं गं…”

त्याला आता काही आठवडे झाले. इथे आखातात माणूस गेला की रडण्याआधी कागद गोळा करावे लागतात. व्हिसा रद्द, बँकेचं खातं बंद, ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर, आणि प्रत्येक खिडकीमागचा सभ्य मुलगा आधी ‘सॉरी फॉर युअर लॉस’ म्हणतो आणि मग आणखी एक कागद मागतो. ते सगळं बहुतेक आटोपलं आहे. ऊन मात्र आटोपलेलं नाही. दमून गेलो आहोत सगळे. तरीही अजून कुणी ना कुणी भेटतं आणि आदराने आवाज उतरवून विचारतं, “खरेखुरे लॉर्ड होते म्हणे?” त्या शब्दाचा एकदा सोक्षमोक्ष लावावा, म्हणून लिहायला बसले.

डेस्मंड जनावरांचा डॉक्टर होता. अल ऐनच्या बाहेर, वाळूत अर्धा-पाऊण तास आत गेलं की एक मोठा डेअरी फार्म लागतो, तिथल्या गाई तो बघायचा. शालिनी मिरजेची, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. दोघांची गाठ पडली तीही गाईच्या कृपेने. एका गाईने त्याच्या बरगडीवर लाथ मारली होती आणि शालिनी त्या वॉर्डात होती. मी इथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायला आले तेव्हा ते दोघं आमच्या कंपाउंडात आधीपासून राहत होते. शालिनीचं ऐकून तो मला ‘बाई’ म्हणायचा. बाकी बोलणं इंग्रजीत, पण पोहे, बस, पुरे आणि कशाला हे चार शब्द त्याने मराठीतून कायमचे उचलले होते. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी तो तिकडून आणि मी इकडून चहाचा मग त्या भिंतीवर ठेवायचो. मी इतिहासाची मास्तरीण असल्यामुळे आपल्या घराण्याचा इतिहास ऐकण्याचं माझं कर्तव्यच आहे, अशी त्याची समजूत होती.

आणि तो इतिहास ऐकण्यासारखा होता. सव्वादोनशे वर्षांपूर्वी डब्लिनला आयर्लंडचं स्वतःचं पार्लमेंट होतं. लंडनला ते नको झालं. पण पार्लमेंट बंद करायचं तर पार्लमेंटनेच तसं मत द्यायला हवं. तेव्हा ज्यांनी ज्यांनी आपल्या बुडाखालची खुर्ची मोडण्याच्या बाजूने हात वर केला त्यांच्यातल्या पुष्कळांना किताब मिळाले. डेस्मंडचे पूर्वज असेच ड्रमकारा नावाच्या गावाचे पहिले बॅरन झाले. “आमच्या घराण्याने देशासाठी एकदाच हात वर केला, बाई,” तो म्हणायचा, “आणि तोही देश विकायला.” मी त्याला आमच्याकडच्या रावबहादुरांबद्दल सांगितलं. त्याला तो शब्द फार आवडला. दुसऱ्या बॅरनने घरापेक्षा मोठं फाटक बांधलं. तिसऱ्याच्या काळात दुष्काळ पडला, बटाटे शेतातच कुजले, आणि त्याने कुळांना घराबाहेर काढून त्या जमिनीवर मेंढ्या सोडल्या. ह्या तिसऱ्याबद्दल डेस्मंड विनोद करत नसे. मग मधले दोन-तीन जण शिकार आणि कर्ज ह्यांच्यात गेले. शेवटी स्वातंत्र्याच्या धामधुमीत गावकऱ्यांनी घर पेटवलं. पेटवण्याआधी बायामाणसांना बाहेर यायला वेळ दिला आणि पियानो बाहेर काढायला चार गडीही दिले. पियानो रात्रभर हिरवळीवर पावसात भिजला. डेस्मंडचा बाप बियाणं आणि खतं विकायचा. गिऱ्हाइकं त्याला ‘माय लॉर्ड, दोन पोती’ म्हणायची.

म्हणजे किताब राहिला, पण तो ठेवायला जागा राहिली नाही. आयर्लंडचं राज्य असले किताब देत नाही आणि लंडनच्या सभागृहात आयरिश सरदारांना खुर्ची नाही. एका देशाने टाकलेला, दुसऱ्याने न उचललेला. डेस्मंडचा थोरला भाऊ बिनलग्नाचा वारला तेव्हा तो किताब ह्याच्याकडे आला. फोन आला त्या वेळी डेस्मंड खांद्यापर्यंत हात घालून एका गाईचं वासरू वळवत होता. दुसऱ्या कुणीतरी फोन त्याच्या कानाला लावला. भाऊ गेल्याचं ऐकून तो रडला, वासरू बाहेर काढलं, आणि मग आठवलं की फोनवरचे वकील जाता जाता त्याला ‘लॉर्ड ड्रमकारा’ म्हणाले होते. हे त्याने मला सांगितलं तेव्हा शालिनी आतून ओरडली, “हात धुतले होते का ते सांग आधी.”

त्यांना मूल नव्हतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी पुण्याच्या एका संस्थेतून निनादला आणलं. आठ महिन्यांचा, डोक्यावर भरपूर केस आणि कुणाकडेही न जाणारा. डेस्मंडकडे मात्र पहिल्या दिवशी गेला. शालिनी अजून सांगते, तिथल्या बाईंनी बाळ आपल्या हातात ठेवलं तर ते भोकाड पसरून रडलं, आणि ह्या तांबड्या चेहऱ्याच्या लांबुळक्या माणसाच्या खांद्यावर जाऊन झोपलं. “जनावरांची सवय,” डेस्मंड म्हणायचा. “जास्त बोलायचं नाही, हळू हलायचं.” निनाद इथेच वाढला. आईशी मराठी, बापाशी इंग्रजी, मला ‘मावशी’ हाक मारायची आणि उत्तर इंग्रजीतून द्यायचं. एकदा लहानपणी बापाबरोबर फार्मवर गेला, वासाने दोनदा उलटी केली, आणि पुन्हा म्हणून तिकडे फिरकला नाही.

मंडळाला किताबाचा शोध लागला तेव्हा निनाद चौदा वर्षांचा होता. आमच्यातल्या एका गृहस्थांना इंटरनेटवर लोकांच्या वंशावळी बघण्याचा छंद होता. त्यांना डेस्मंड सापडला. मग आमचे अध्यक्ष कुलकर्णी दोन माणसं घेऊन दुबईहून अल ऐनला आले. “डॉक्टर, तुम्ही एवढी वर्षं आमच्यात बसून पोहे खाल्लेत आणि एका शब्दाने बोलला नाहीत?”

“पोहे चांगले होते,” डेस्मंड म्हणाला.

गणपतीतल्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून त्यालाच बसवायचं ठरलं. त्याने ‘कशाला’ हा शब्द तीन-चारदा वापरून पाहिला. पण शालिनीच्या मैत्रिणी, इतक्या वर्षांचा घरोबा… नाही म्हणणं त्याला जमलं नाही. दुबईतला हॉल भरला होता. फेटा, शाल, नारळ झालं. निवेदकाने माइकवर ड्रमकाराच्या पराक्रमाचं वर्णन केलं. पहिल्या बॅरनने तलवार गाजवल्याचं त्यात होतं. डेस्मंड माझ्याकडे बघून भुवई उचलत होता, मी छताकडे बघत होते. आणि मग निवेदक म्हणाला, “आणि मंडळी, डॉक्टरसाहेबांनंतर ही गादी कोण चालवणार? तर आपला निनाद. आपला मराठी मुलगा, उद्याचा लॉर्ड. जोरदार टाळ्या.”

टाळ्या पडल्या. निनादला उभं केलं. तो लाजला, हसला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी फार देखणा दिसला.

निवेदकाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी आपल्यातला कुणीही हेच बोलला असता. माझ्या सासरचं आडनाव इनामदार. इनाम केव्हाच गेलं, नाव तेवढं उरलं, आणि तेही आजेसासऱ्यांना दत्तक घेतलं म्हणून. आपल्याकडे दत्तक घ्यायचा तोच मुळी गादीसाठी. मुलगा मांडीवर बसवला, नाव दिलं, झाला वारस. साताऱ्याचं आणि झाशीचं दत्तक इंग्रजांनी नामंजूर केलं आणि राज्यं खालसा केली, हा धडा मी दर वर्षी आठवीला शिकवत होते, आणि दर वर्षी मुलं मनापासून चिडायची. तोच नियम ते स्वतःच्या घरातही लावतात, हे मात्र मला त्या दिवशी घरी येताना गाडीत कळलं. त्यांच्या सरदारकीला रक्ताचाच मुलगा लागतो. दत्तकाला घर मिळेल, पैसा मिळेल, आडनाव मिळेल. किताब नाही.

माझे यजमान तेव्हा भारतात होते, म्हणून मी डेस्मंडच्याच गाडीने परतत होते. मी आणि निनाद मागे. दुबई मागे पडली तसं त्याने विचारलं, “सो, विल आय बी अ लॉर्ड?”

“नो,” डेस्मंड म्हणाला.

“व्हाय नॉट?”

पुढे एक ट्रक होता. डेस्मंडने आधी त्याला मागे टाकलं. शालिनी म्हणाली, “निनाद, अरे दमलेत ते. घरी जाऊन बोल.”

“मम्मी, मी त्यांना विचारतोय.”

“कारण नियम फार जुना आहे आणि फार मूर्ख आहे,” डेस्मंड म्हणाला.

“बिकॉज आय अ‍ॅम अडॉप्टेड.”

“हो.”

“म्हणजे त्यांच्या मते तुम्हाला मुलगा नाही.”

“त्यांच्या मताला काडीची किंमत नाही.”

उत्तर बरोबर होतं. मी इतिहासाच्या पेपरात त्याला पूर्ण गुण दिले असते. पण चौदा वर्षांच्या मुलाने ते विचारलं नव्हतं… त्याने कानात वायरी घातल्या आणि खिडकीला डोकं टेकलं. आणि त्यानंतर काही दिवसांनी, कुणाशी न भांडता, आवाज न चढवता, तो बापाला ‘डॅड’ सोडून ‘डेस्मंड’ म्हणायला लागला. “डेस्मंड, पास द सॉल्ट.” शालिनीने रागावून पाहिलं, रडून पाहिलं. डेस्मंडने काहीच केलं नाही. मी भिंतीपाशी विषय काढला तेव्हा म्हणाला, “माझंच नाव आहे ते, बाई. खोटं तर काही बोलत नाही.” मग चहा न पिताच आत गेला.

ह्याला पुष्कळ वर्षं झाली. निनाद शिकला, दुबईत नोकरीला लागला, सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. भांडण असं कधीच नव्हतं. दोघं एकत्र क्रिकेट बघत, जे डेस्मंडला शेवटपर्यंत कळलं नाही. वाढदिवसाला भेटी येत-जात. फक्त तो एक शब्द परत आला नाही, आणि त्या घरात त्याची जागा सगळ्यांना माहीत होती, पडलेल्या दाताची असते तशी.

मधे एकदा लंडनहून एका हौशी संशोधकाने डेस्मंडला गाठलं. बॅरन म्हणून अधिकृत यादीत नाव चढवायचं तर वारसा सिद्ध करावा लागतो, आणि डेस्मंडने ते कधी केलंच नव्हतं. संशोधक सगळं फुकट करून द्यायला तयार होता. अशा माणसांना त्यातच सुख असतं. डेस्मंडने मला भिंतीपाशी सांगितलं : “त्याने विचारलं, तुमच्यानंतर कोण? मी म्हटलं, निनाद. तो म्हणाला, तो धरता येणार नाही, मग आपण ‘वारस नाही’ असं धरू. मी म्हटलं, मग मीही नाही असंच धरा.”

“हे निनादला सांगितलंस?”

“काय सांगू? तुझ्यासाठी मी एक निरुपयोगी वस्तू सोडली म्हणून? त्याला उपकार वाटतील.” मग मराठीत म्हणाला, “पुरे.”

म्हणजे ज्याला आपण शाल-नारळ दिला तो मनुष्य कुठल्याच यादीत लॉर्ड नव्हता. सोक्षमोक्ष लागला तो हा.

तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती दफनभूमीत त्याला ठेवलं. कुलकर्णी आले होते, खरोखर हळहळले होते, आणि दगडावर ‘लॉर्ड’ असं कोरणार ना, असंही त्यांनी विचारलं. शालिनी म्हणाली, “डॉक्टर पण नाही. नुसतं नाव.” संध्याकाळी आम्ही घरी बसलो होतो तर कंपाउंडचा वॉचमन घाबराघुबरा होऊन आला. बाहेर दोन पिकअप भरून माणसं आलीत, म्हणाला, कुणा अबू निनादचं घर विचारतात, मी सांगितलं इथे असं कुणी राहत नाही, तर जात नाहीत.

निनाद जिन्यात उभा होता. त्यानेच दार उघडलं.

फार्मवरची माणसं होती. सुदानी, पाकिस्तानी, नेपाळी, आणि सगळ्यांत पुढे इद्रिस, तिथला सुदानी मुकादम, उंच, पांढऱ्या कपड्यांत. त्याने निनादकडे बघितलं, नाव विचारलं नाही, दोन्ही हातांत त्याचा हात धरला आणि धरूनच ठेवला. मग बाकीचे एकेक करून आले. चपला दाराबाहेर काढल्या, खजूर आणले होते ते टेबलावर ठेवले, आणि कुणी शालिनीकडे, कुणी जमिनीकडे बघत बसले. ह्या भागात माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अबू अमका, म्हणजे अमक्याचा बाप म्हणून. तो मान असतो. एवढं मला इथे राहून माहीत होतं. पण गोऱ्या डॉक्टरला कुणी असं म्हणत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शालिनीच्याही नाही. फार्मची गोष्ट तो फार्मवरच ठेवायचा, बुटांसारखी.

मी इद्रिसला विचारलं, कधीपासून. तो त्यांच्या त्या गल्फच्या हिंदीत म्हणाला, “जब बच्चा लाया इंडिया से. पूरा फार्म को मिठाई दिया. अरबाब पूछा, नाम क्या? डॉक्टर बोला, निनाद. अरबाब बोला, आज से तुम अबू निनाद.” अरबाब म्हणजे फार्मचे मालक.

दत्तकाला इथल्या कायद्यातही वंशाचं नाव मिळत नाही, हे माझ्यातल्या संशयी मास्तरणीला आठवलं. मी विचारलंच, “मालूम था ना, गोद लिया है?”

“सबको मालूम,” इद्रिस म्हणाला. “बच्चा है, नाम है. खलास.”

निनाद ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. तो ट्रे बराच वेळ तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात एकदा मी तिकडे गेले तर तो फोनवर काहीतरी वाचत होता. त्या वंशावळींच्या साइटवर ड्रमकाराची नोंद बदलली होती : वारस नाही, किताब संपला. लोकांना कसं कळतं कोण जाणे. “मावशी,” तो म्हणाला, “वी आर एक्स्टिंक्ट.” आणि हसला. मी त्याच्याजवळ बसले आणि लंडनच्या त्या संशोधकाची गोष्ट सांगितली. ‘मग मीही नाही असंच धरा’, हे शब्दशः. डेस्मंडने ‘पुरे’ म्हटलं होतं खरं, पण पुरे म्हणणारा आता नव्हता. निनादने सगळं ऐकून घेतलं. “ही नेव्हर टोल्ड मी,” म्हणाला. “त्याला वाटलं, तुला उपकार वाटतील,” मी म्हटलं. तो उठून खिडकीपाशी गेला आणि एसीचं तापमान एकाने कमी केलं, मग परत वाढवलं.

मागच्या शनिवारी फार्मवरून डेस्मंडचं सामान आणायला निनाद गेला. शालिनीला तिकडे जाववेना, म्हणून मी बरोबर गेले. फाटकापाशी गाडी थांबवून काच खाली केली तेव्हा तो वास आत आला, शेणाचा, दुधाचा, औषधाचा, आणि निनादने काच वर केली नाही. गोठ्यांच्या शेवटी एक पत्र्याच्या छपराची खोली आहे. किटली, डाग पडलेला मग, दाराला टांगलेला प्लास्टिकचा लांब एप्रन, आणि खुर्चीवर उशी, त्याच्या बरगडीला लागायची ती. इद्रिस कुठेतरी जनावरांत होता. खोलीत नवे डॉक्टर होते, केनियाहून आलेले तरुण गृहस्थ, आठवडाही झाला नव्हता. आम्हाला बघून ते उठले. सामान न्यायला आलोय म्हटल्यावर एक खोका घेऊन मदत करायला लागले. बोलता बोलता म्हणाले, इथली माणसं चांगली आहेत, पण माझं नाव काही धरत नाहीत. औषधं कुठे? अबू निनादच्या खोलीत. चावी कुठे? अबू निनादच्या खोलीत. मी म्हटलं, अहो, आता इथे मी बसतो. ते हो म्हणतात, आणि पुन्हा तेच. मग त्यांनी खोक्यात किटली ठेवता ठेवता सहज विचारलं, “हा निनाद कोण?”

निनादने किटली खोक्यातून काढली आणि जागेवर परत ठेवली.

“दॅट्स मी,” तो म्हणाला. “धिस वॉज माय डॅड्ज रूम.”

डॉक्टर गडबडले, सॉरी म्हणाले, उशी उचलून खुर्ची पुढे केली. निनादने त्यांच्या हातातून उशी घेतली, होती तिथे ठेवली, आणि बसला. किटलीत पाणी होतं. त्याने बटण दाबलं, आणि पाणी उकळेपर्यंत आम्ही तिघं तिथे थांबलो.